आबे फारिया : झोपेचे कोडे उलगडणारा गोमंतकीय

पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी एक पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला एक पाद्री दोन्ही हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री भान हरपून मागे कलंडली आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभारला गेला. करामात गोमंतकीय बांधवांची वस्ती मोठी. त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, हा पुतळा त्याने पाहिलेला असतो. पण त्या पाद्र्याने नेमके काय केले असे विचारले, तर बहुधा एवढेच उत्तर मिळते की तो हात फिरवून माणसांना झोपवीत असे.

खरी गंमत इथेच आहे. हातातून, बोटांतून किंवा नजरेतून काहीही निघत नाही, जे घडते ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या आत घडते, हेच सांगण्यात या माणसाचे उत्तरायुष्य खर्ची पडले. त्यापायी त्याने हेटाळणी सोसली, दारिद्र्य सोसले. पुतळा सुंदर आहे यात शंका नाही, पण पाहणाऱ्याच्या मनात नेमकी तीच समजूत घट्ट होते, जी पुसून टाकण्यासाठी आबे फारिया झटले.

फ्रेंच भाषेत पाद्र्याला आबे म्हणतात. त्यांचे पूर्ण नाव जोझे कुस्तोदियो द फारिया. अलेक्झांडर द्यूमा यांची मॉन्टे ख्रिस्तोची कादंबरी ज्यांनी वाचली असेल त्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. समुद्रातल्या किल्ल्याच्या अंधारकोठडीत नायकाला विद्या शिकवणारा आणि खजिन्याचा पत्ता सांगणारा वृद्ध कैदी म्हणजे आबे फारिया. द्यूमांनी नाव घेतले, पण माणूस इटालियन करून टाकला. त्यामुळे जगभर लाखो वाचकांना फारिया हे नाव ठाऊक झाले आणि ते बार्देशातल्या कांदोळीचे होते हे मात्र फारच थोड्यांना कळले.

कांदोळी ते रोम

फारियांचा जन्म मे १७५६ मध्ये कांदोळीला, आजोळी झाला. वडील कायतान व्हितोरीन हे कोलवाळचे, मूळच्या सारस्वत ब्राह्मण कुळातले, काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. आई रोझा मारिया कांदोळीची. वडिलांनी पाद्री होण्याचे शिक्षण अर्धवट सोडून लग्न केले होते. नवराबायकोचे पटले नाही. शेवटी दोघांनी चर्चची रीतसर अनुज्ञा घेऊन विभक्त व्हायचे ठरवले. वडील शिक्षण पुरे करून पाद्री झाले. आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली आणि पुढे त्या मठाची प्रमुखही झाली. आई मठात आणि वडील धर्मपीठात, असे त्या एकुलत्या मुलाचे बालपण गेले.

वडील महत्त्वाकांक्षी होते. १७७१ साली पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन ते जहाजात बसले आणि अनेक महिन्यांच्या प्रवासानंतर नोव्हेंबरात लिस्बनला पोचले. तिथून बापलेक रोमला गेले. मुलगा धर्मप्रसाराच्या प्रसिद्ध विद्यापीठात शिकला, १७८० साली पाद्री झाला आणि त्याच वर्षी त्याने धर्मशास्त्राची डॉक्टर ही पदवी मिळवली. एक प्रबंध त्याने पोर्तुगालच्या राणीला अर्पण केला, दुसरा पोपना. त्यावर खूष होऊन पोपनी त्याला आपल्या समक्ष प्रवचन करायला बोलावले असे सांगतात. गोव्याच्या खेड्यातला सावळा मुलगा चोविसाव्या वर्षी एवढी मजल मारतो, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

एका कुजबुजीचे सामर्थ्य

लिस्बनला परतल्यावर राणीच्या प्रार्थनामंदिरात प्रवचन करण्याचा मान फारियांना मिळाला. त्या प्रसंगाची आख्यायिका गोव्यात घरोघरी सांगितली जाते. व्यासपीठावर चढल्यावर समोर राणी, सरदार, दरबारी यांचा जमाव पाहून तरुण पाद्र्याची जीभ टाळ्याला चिकटली. एक शब्द फुटेना. वडील व्यासपीठाच्या पायथ्याशी बसले होते. त्यांनी हळूच कोकणीत कुजबुजून सांगितले की ही समोरची सगळी भाजी आहे, तेव्हा खुशाल कापत सुट. मुलाची भीती पळाली आणि प्रवचन अस्खलित झाले. आपल्या बापाच्या पाचसहा शब्दांनी आपल्या देहात एवढा पालट कसा झाला, हा प्रश्न त्यांच्या मनात त्या दिवसापासून घर करून राहिला असे म्हणतात.

आख्यायिकेत मीठमसाला किती आणि खरे किती हे बाजूला ठेवू. पण तिच्यात एक अचूक निरीक्षण आहे. राणीही तीच होती, दरबारही तोच होता. डोळ्यांना दिसणारे दृश्य तसूभरही बदललेले नव्हते. बदलला तो त्या दृश्याचा अर्थ, आणि अर्थ बदलताच छातीची धडधड, कोरडा घसा, थरथरणारे गुडघे हे सारे ताळ्यावर आले. आणखी एक गोष्ट. ती कुजबुज पोर्तुगीजमध्ये नव्हती, लॅटिनमध्येही नव्हती. दहा वर्षे परक्या भाषांत शिकलेल्या विद्वानाला सावरले ते आईच्या कुशीत कानी पडलेल्या बोलीने.

हे असे का व्हावे, याचे थोडेसे उत्तर आज मेंदूच्या शास्त्राकडे आहे. तान्ह्या मुलाच्या मेंदूत चेतापेशींचे एकमेकींशी असलेले दुवे पहिल्या काही वर्षांत भराभर वाढतात. मग जे दुवे वारंवार वापरात येतात ते पक्के होतात आणि जे पडून राहतात ते गळून जातात. माळी रोपांची विरळणी करतो तसाच हा प्रकार. कॅनडातल्या संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आपल्याला तर फारच जवळचा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतल्या त आणि ट या दोन ध्वनींतला फरक ओळखू शकत होती. तीच क्षमता दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत जवळपास मावळलेली आढळली, कारण त्यांच्या घरी त्या फरकाला काही अर्थच नव्हता. म्हणजे मूल पहिला शब्द नीट बोलायच्या आधीच घरची भाषा त्याच्या मेंदूत वाफे आखून मोकळी झालेली असते. आमच्या मॉरिशसमध्ये रत्नागिरीकडून गेलेल्या घराण्यांची मुले आज घरी क्रिओल बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. इथे आखातात मराठी मुलांची गत फार वेगळी नाही. पाळण्यातल्या मुलाशी मराठीत बोलावे की नाही असा विचार करणाऱ्या आईबापांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा.

पिंटोंचे बंड आणि पॅरिसची वाट

त्या काळी गोव्यातले देशी पाद्री कितीही शिकले तरी वरच्या जागा गोऱ्यांनाच मिळत. हा अन्याय सहन न होऊन १७८७ साली काही पाद्री, सैनिक आणि इतर गोमंतकीय यांनी पोर्तुगीज सत्ता उलथून टाकण्याचा कट केला. कांदोळीच्या पिंटो घराण्यातली माणसे त्यात होती, म्हणून त्याला पिंटोंचे बंड म्हणतात. कट फुटला. पंधरा जणांना पणजीत फाशी दिले गेले, पाद्र्यांना लिस्बनला नेऊन तुरुंगात डांबले. कटातले काहीजण पूर्वी लिस्बनला फारिया पितापुत्रांच्या संपर्कात होते, त्यामुळे संशयाची सुई त्यांच्याकडे वळली. १७८८ मध्ये फारियांनी लिस्बन सोडले आणि पॅरिस गाठले. मायभूमीचे दर्शन त्यांना पुन्हा झाले नाही.

पॅरिसला ते पोचले आणि वर्षभरात राज्यक्रांतीचा भडका उडाला. १७९५ च्या ऑक्टोबरात तिथल्या क्रांतिकारी विधिमंडळाविरुद्ध जे बंड झाले, त्यात एका तुकडीचे नेतृत्व फारियांनी केल्याची नोंद चरित्रकार करतात. ते बंड तोफा लावून मोडून काढणारा तरुण अधिकारी म्हणजे नेपोलियन बोनापार्ट. फारिया कसेबसे बचावले.

१८११ साली त्यांना मार्सेच्या शाळेत तत्त्वज्ञानाचे अध्यापक नेमले गेले आणि तिथल्या वैद्यक मंडळाचे सदस्यत्वही मिळाले. पण पुढे नीम या गावी दुय्यम शिक्षकाच्या जागेवर त्यांची बदली झाली. पन्नाशी उलटलेल्या विद्वानाला ती पायउतार मानवली नाही. १८१३ मध्ये ते पॅरिसला परतले आणि त्यांच्या आयुष्याचे खरे पर्व सुरू झाले.

मेस्मरचा हौद

फारियांनी काय केले हे कळण्यासाठी त्यांच्या आधीची स्थिती पाहिली पाहिजे. व्हिएन्नाचे डॉक्टर मेस्मर १७७८ मध्ये पॅरिसला आले होते. विश्वात एक सूक्ष्म प्रवाह भरलेला आहे, शरीरात तो तुंबला की रोग होतो आणि आपण तो मोकळा करू शकतो, असे त्यांचे म्हणणे. एका मोठ्या लाकडी हौदाभोवती रोगी बसत, हौदातून बाहेर आलेल्या लोखंडी कांबी दुखऱ्या भागाला लावत. मंद संगीत चाले, मेस्मर हात फिरवीत आणि रोग्यांना आचके येत. कित्येकांना खरोखर बरे वाटे. १७८४ साली राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. रोग्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांनी प्रयोग केले. प्रवाह सोडलेला नसतानाही तो सोडला आहे असे वाटले की आचके येत, आणि सोडला असूनही ठाऊक नसले की काहीच होत नसे. प्रवाह वगैरे काही नाही, हा सगळा कल्पनेचा खेळ आहे, असा निर्वाळा समितीने दिला आणि प्रकरण मिटवले.

समितीचे म्हणणे बिनचूक होते. पण एक प्रश्न तसाच राहिला. नुसत्या कल्पनेने माणसाला आचके येत असतील, वेदना थांबत असतील, तर ही कल्पना म्हणजे क्षुल्लक वस्तू कशी म्हणता येईल? मेस्मरचे शिष्य मार्की द प्युइसेगूर यांनी आचक्यांऐवजी शांत झोपेसारखी अवस्था आणून दाखवली होती, पण तीही आपल्या इच्छाशक्तीच्या जोरावर घडते असे ते मानत. त्यांच्याशी फारियांचा स्नेह जुळला. पुढे आपला ग्रंथही फारियांनी त्यांनाच अर्पण केला. मात्र गुरुस्थानी असलेल्या या मित्राचे मूळ मतच त्यांनी खोडून काढले.

गुरुवारची व्याख्याने

ऑगस्ट १८१३ पासून क्लिशी रस्त्यावरच्या ४९ क्रमांकाच्या घरात फारियांची जाहीर व्याख्याने सुरू झाली. दर गुरुवारी सभा भरे, प्रवेशशुल्क पाच फ्रँक. उंच, सावळा, पांढरे केस, डोळ्यांत चमक आणि बोलण्यात परदेशी हेल असलेला हा पाद्री पाहायला शहरातले प्रतिष्ठित लोक गर्दी करीत. आधी तो आपला सिद्धांत सांगे, मग प्रयोग करी.

प्रयोग अगदी साधा असे. हौद नाही, कांबी नाहीत, संगीत नाही. समोरच्या व्यक्तीला आरामखुर्चीत बसवायचे, डोळे मिटून झोपेवर लक्ष एकवटायला सांगायचे. थोडा वेळ शांतता. मग भारदस्त आवाजात झोपण्याची आज्ञा. कधी ती दोनतीनदा द्यावी लागे. काही लोकांवर कसलाच परिणाम होत नसे. काही मात्र क्षणात त्या अवस्थेत जात. मग फारिया सांगतील ते त्यांना जाणवे. साध्या पाण्याला मद्याची चव येई, हात उचलू म्हटले तरी उचलत नसे. जागे झाल्यावर अमुक गोष्ट कर असे सांगून ठेवले तर जागेपणी ती गोष्ट त्यांच्या हातून घडे. त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी पाच हजारांहून अधिक लोकांवर हे प्रयोग केले होते.

आणि एवढे सगळे दाखवून झाल्यावर ते श्रोत्यांना निक्षून सांगत की यात माझी काही करामत नाही. माझ्या अंगात कसलीही शक्ती नाही. ज्याला झोप लागते त्याच्याच मनाची एकाग्रता, विश्वास आणि अपेक्षा हे काम करते. मी फक्त निमित्त. म्हणून प्रयोग करणाऱ्याला त्यांनी नावही दिले ते एकाग्रता घडवणारा अशा अर्थाचे.

वाचकहो, जरा विचार करा. पाच फ्रँक देऊन आलेल्या गर्दीला चमत्कार पाहायचा होता. आपल्या अंगी दैवी शक्ती आहे असे त्यांनी नुसते सुचवले असते तरी पैशांचा पाऊस पडला असता. त्यांनी उलट आपल्याच हाताने आपले वलय पुसले. म्हणूनच फारिया नुसते प्रयोग करणारे राहिले नाहीत, ते शास्त्रज्ञ ठरले.

उपहास आणि अंत

पण लोकांना वलय पुसणारा माणूस आवडत नाही. मेस्मरवादी रुसले, कारण त्यांचा प्रवाहच फारियांनी नाकारला. धर्ममार्तंडांना त्यात सैतानाचा हात दिसला. वृत्तपत्रांनी त्यांच्या रंगाची आणि फ्रेंच उच्चारांची टर उडवली. ख्यातनाम लेखक शातोब्रियाँ यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की एका मेजवानीत फारियांनी पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी आपल्या प्रभावाने मारून दाखवण्याची बढाई मारली, पण पक्षी टुणटुणीत राहिला आणि फारियांची फजिती झाली. हा प्रसंग व्याख्यानमालेच्या दहाएक वर्षे आधीचा. तेव्हा तेही त्या बाह्य शक्तीच्या कल्पनेतून पुरते सुटले नसावेत.

शेवटचा घाव नाटकवाल्यांनी घातला. एक नट व्याख्यानाला येऊन झोपेचे सोंग करून बसला आणि ऐन वेळी डोळे उघडून सभेसमोर फारियांना वेड्यात काढले. १८१६ साली त्यांची खिल्ली उडवणारा फार्स रंगभूमीवर आला आणि सगळे पॅरिस हसले. व्याख्यानांची गर्दी ओसरली. उतारवयात एका धार्मिक संस्थेत साधे पुरोहितपण पत्करून ते राहिले. तिथे त्यांनी आपला ग्रंथ लिहायला घेतला. जागृत निद्रेचे कारण हा त्याचा विषय. चार भाग योजले होते, पहिला १८१९ मध्ये निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरात मेंदूतल्या रक्तस्रावासारख्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ज्या मेंदूच्या कोड्यापायी त्यांनी आयुष्य वेचले, त्यानेच त्यांना नेले. पॅरिसमध्ये त्यांची कबर कुठे आहे हे आज दाखवता येत नाही.

त्यांच्या हातून चुकाही झाल्या, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांचे रक्त पातळ असते त्यांना ही झोप लवकर लागते असे ते मानत, ते टिकले नाही. झोपलेल्या माणसाला दूरचे दिसते आणि रोगाचे निदान करता येते यावरही त्यांचा विश्वास होता, तोही निराधार ठरला. पण मुख्य सूत्र त्यांनी अचूक पकडले होते.

पुढच्यांनी काय केले

त्यांच्या व्याख्यानांना बसलेल्या नोइझे नावाच्या सेनाधिकाऱ्याने ते सूत्र जपले. पुढे नान्सी शहरातले लिएबो आणि बेर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेच्या सामर्थ्यावर एक सबंध उपचारपद्धती उभारली, आणि १८८९ मध्ये ती पाहायला खुद्द फ्रॉइड गेले. दरम्यान मँचेस्टरचे शल्यवैद्य जेम्स ब्रेड यांनी १८४३ च्या आपल्या पुस्तकात या अवस्थेला ग्रीक निद्रादेवाच्या नावावरून नवे नाव दिले. आपण मराठीत त्याला संमोहन म्हणतो. आपल्या देशात जेम्स एस्डेल या स्कॉटिश डॉक्टरने १८४५ पासून हुगळी आणि कलकत्ता इथे भूल देण्याची औषधे हाताशी नसताना याच मार्गाने शेकडो शस्त्रक्रिया केल्या.

सर्वांत विलक्षण दुवा स्पेनमधला आहे. मेंदू हे एकसंध जाळे नसून सुट्या सुट्या पेशींचे बनलेले आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून देणारे रामोन इ काहाल हे आधुनिक मेंदूशास्त्राचे जनक. याच काहालांनी तरुणपणी संमोहनाचे प्रयोग केले होते आणि बायकोच्या प्रसूतिवेदना सूचनेने बऱ्याच हलक्या झाल्याचा वृत्तांत १८८९ साली छापला होता. १९०६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी गोमंतकीय डॉक्टर दालगादो यांनी पॅरिसमध्ये फारियांचे चरित्र आणि विस्मृतीत गेलेला ग्रंथ पुन्हा प्रकाशात आणला. पुढे १९२५ मध्ये पोर्तुगालचे मेंदूतज्ज्ञ एगास मोनीझ यांनीही फारियांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. मोनीझना १९४९ चे नोबेल मिळाले. ते ज्या शस्त्रक्रियेसाठी मिळाले ती आज बदनाम झाली आहे, पण फारियांना त्यांनी दिलेला मान तसाच उरला.

मेंदूत घडते तरी काय

आता आजचे शास्त्र काय म्हणते ते थोडक्यात पाहू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. एक पेशी दुसरीला सहसा चिकटलेली नसते. मध्ये अतिसूक्ष्म फट असते. पेशीतून विजेची लहर धावते, टोकाशी पोचली की तिथून रसायन झिरपते, ते फट ओलांडून पुढच्या पेशीला चेतवते किंवा आवरते. चेतवणारे आणि आवरणारे असे हजारो निरोप एका पेशीकडे येतात. त्यांची बेरीज पुरेशी झाली तर ती पुढे निरोप धाडते, नाही तर गप्प राहते.

आपल्याला वाटते की डोळे, कान, त्वचा यांच्याकडून निरोप येतात आणि मेंदू ते निमूटपणे नोंदवून घेतो. तसे नाही. डोळ्यांकडून येणारी वाट मेंदूच्या मध्यावरच्या एका ठाण्यातून वर जाते. त्या ठाण्यातल्या पेशींवर जे दुवे येऊन मिळतात, त्यांतले डोळ्यांकडचे जेमतेम दहावा हिस्सा भरतात. उरलेल्यांतले कितीतरी वरून खाली, म्हणजे मेंदूच्या बाह्य थराकडून उलटे येतात. पूर्वानुभव, अपेक्षा, विश्वास हे सगळे त्या वरून येणाऱ्या वाटेने आत येणाऱ्या बातमीला आकार देतात. घरी नुसता ताजा निरोप येत नाही, तो वाचणारा आधीच काही मनात धरून बसलेला असतो.

१९९७ साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संमोहित माणसांचे हात सोसवेल न सोसवेल अशा गरम पाण्यात ठेवायला लावून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. पाणी तेवढेच गरम होते, पण एकदा त्रास वाढेल अशी सूचना दिली, एकदा कमी होईल अशी. त्वचेच्या संवेदना नोंदवणाऱ्या भागात फारसा फरक पडला नाही. मेंदूच्या आतल्या बाजूचा जो भाग वेदनेच्या त्रासाशी निगडित आहे, त्याचे काम मात्र सूचनेप्रमाणे वाढले आणि घटले. चटका तोच, त्याचे दुःख वेगळे. लिस्बनच्या व्यासपीठावर दृश्य तेच होते आणि भीती गेली होती, त्याचीच ही प्रयोगशाळेतली आवृत्ती म्हणायची.

झोप या शब्दाबाबतही नवी माहिती आहे. मेंदूच्या लहरी मोजल्या तर संमोहित माणूस झोपलेल्यासारखा दिसत नाही. तो जागाच असतो, फक्त त्याचे लक्ष एका ठिकाणी खिळलेले असते. शिवाय सगळ्यांना ही अवस्था सारखी साधत नाही. साधारण दहा ते पंधरा टक्के लोकांना ती फार सहज येते, तेवढ्याच लोकांना जवळपास येतच नाही, बाकीचे मध्ये. आणि हा स्वभाव पंचवीस वर्षांनी पुन्हा तपासला तरी फारसा बदललेला आढळत नाही. फारियांनी नेमके हेच पाहिले होते, कारण मात्र रक्तात शोधले.

आपल्यासाठी बोध

दोनशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्याची ही कथा आज आपण कशाला आठवायची? मला वाटते, दोन कारणांसाठी.

पहिले असे की देश सोडून आलेला माणूस मनाने एकटा असतो आणि एकट्या माणसाला बुवा लवकर भेटतो. कुणी ताईत विकतो, कुणी फोनवरून ग्रह शांत करून देतो, कुणी नुसत्या स्पर्शाने आजार काढतो. महिन्याच्या पगारातून गावी पैसे पाठवून जे थोडे उरते ते अशा ठिकाणी जाते. वाईट याचे वाटते की त्या माणसाला कधीकधी खरेच बरे वाटते, म्हणून तो पुन्हा जातो. त्याला कुणीतरी सांगायला हवे की बरे वाटले ते तुझ्याच मेंदूने केले, त्याचे पैसे दुसऱ्याला देऊ नकोस. आणि आजार अंगात मुरलेला असेल तर बरे वाटणे म्हणजे बरे होणे नव्हे, तेव्हा डॉक्टरकडे जा. संमोहनाचाही उपयोग आज वेदना आणि पोटाचे काही जुनाट विकार यांवर होतो, पण तो जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

दुसरे कारण आम्हा शिक्षकांचे आणि आईबापांचे. फारिया स्वतः शिक्षक होते आणि शब्द माणसाच्या आत कुठवर जातो हे त्यांनी पुरते ओळखले होते. मोठ्या माणसाच्या आरामखुर्चीतल्या झोपेवर शब्दांचा एवढा परिणाम होतो, तर ज्याच्या मेंदूतले दुवे अजून जुळताहेत आणि गळताहेत अशा मुलावर किती होत असेल? तुला गणित जमणार नाही, तुझे डोकेच चालत नाही, असे वाक्य वर्गात किंवा जेवणाच्या पानावर किती सहज बोलले जाते. बोलणारा विसरून जातो. मूल ते मनात धरून बसते आणि पुढच्या प्रत्येक गणिताकडे त्याच वाक्यातून पाहते. उलट, वेळेवर मिळालेला धीराचा एक शब्द त्याच्या घशातली कोरड घालवतो.

कांदोळीच्या त्या मुलाला तसा शब्द त्याच्या बापाने दिला होता, तोही आपल्या भाषेत. आपल्या घरात, आपल्या मुलांना, आपण कोणते शब्द देतो आहोत याचा हिशेब ज्याचा त्याने आज रात्री करावा.